पांघरुणावरील अरण्य : बंगाली कांथेतील प्राणी आणि इतिहासाचे वाचन

वाङ्मयाच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न आला की आपण पोथ्या, ताम्रपट, शिलालेख, बखरी, पत्रव्यवहार अशी यादी सांगू लागतो. वस्त्र या यादीत सहसा येत नाही. मराठीच्या अभ्यासकाला तरी याचा एक अपवाद ठाऊक असतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय एका लांबलचक पासोडीवर लिहिला आणि ती पासोडी आपल्या वाङ्मयेतिहासात मानाने नोंदली गेली. पण ती नोंदली गेली ती तिच्यावर अक्षरे आहेत म्हणून. अक्षरांऐवजी तिच्यावर हत्ती, हरीण, मासे आणि वाघ असते, आणि ते शाईने न काढता सुईने टाचलेले असते, तर आपण ती पासोडी वस्तुसंग्रहालयाकडे सोपवून मोकळे झालो असतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका अक्षरहीन (किंवा क्वचितच साक्षर) वस्त्रप्रकाराकडे पाहणार आहोत. बंगालमध्ये जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक ठेवून, शिवून जे पांघरूण तयार होते त्याला 'कांथा' म्हणतात, आणि त्यावर आकृत्या भरल्या की ती 'नकशी कांथा' होते. शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतातील 'कन्था' म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. नाथपंथी जोग्याच्या खांद्यावरची कंथा मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला परिचित आहे. महाराष्ट्रातील वाकळ आणि गोधडी याच कुळातील. मात्र आपल्या गोधडीचे सौंदर्य मुख्यतः रंगीत ठिगळांच्या मांडणीत असते, तर बंगाली कांथेचे सौंदर्य पांढऱ्या जमिनीवर सुईने रेखलेल्या आकृतींत असते. या आकृतींत प्राण्यांची संख्या लक्षणीय आहे. हे प्राणी तेथे का आहेत, ते कोणी पाहिले, कोणासाठी टाचले, आणि त्यांच्याकडे 'नक्षी' म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून पाहता येईल का, हे आमचे प्रश्न आहेत.

टाका आणि जमीन

वाचनाची सुरुवात लिपीपासून करावी लागते. कांथेची लिपी म्हणजे धावदोरा. सुई खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. शिवणकामातील हा सर्वांत साधा टाका. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर पसरायचे, कडा टाचून घ्यायच्या आणि मग सर्व थरांतून सुई काढत आकृती भरायच्या. रंगीत धागा विकत आणलेला नसे. लुगड्याच्या किनारीतून तो उसवून काढला जाई. म्हणून जुन्या कांथांत तांबडा, निळा आणि काळा हे किनारीचे रंग वारंवार दिसतात. वस्त्र आणि त्यावरची नक्षी ही दोन्ही अशा रीतीने एकाच जुन्या लुगड्यातून निघतात.

आकृती पुरी झाल्यावर उरलेली पांढरी जागा पांढऱ्याच धाग्याने भरली जाते, आणि येथे कांथेचे वैशिष्ट्य आहे. हे टाके सरळ ओळींत जाण्याऐवजी आकृतीच्या कडेला समांतर फिरत बाहेर पसरतात. पाण्यात खडा टाकल्यावर वलये उठावीत तशी हत्तीच्या पाठीभोवती, माशाच्या शेपटीभोवती कापडात सूक्ष्म सुरकुत्यांची वलये उठतात. भरतकामात जमीन स्थिर असते आणि आकृती तिच्यावर बसवलेली असते. कांथेत जमीनच आकृतीच्या दिशेने हलते. नद्या, खाड्या आणि बिळांच्या प्रदेशात (बंगालीत 'बिल' म्हणजे पाणथळ सरोवर) ही पद्धत वाढली, हे ध्यानात घेतले म्हणजे पाण्याची उपमा उगाच सुचत नाही हे पटेल.

दुसरा विशेष मांडणीचा. मध्यभागी बहुधा शतदल कमळ, चार कोपऱ्यांत मध्याकडे झुकणारी झाडे किंवा कोयऱ्या, आणि मधल्या जागेत माणसे, प्राणी, पालख्या, नावा, रथ. या आकृतींना सामाईक 'वर' आणि 'खाली' नसते. शिवणारी बाई जमिनीवर पसरलेल्या कापडाभोवती बसायची जागा बदलत असे, आणि जेथून ती शिवी तेथून ती आकृती सरळ दिसे. पाहणाऱ्यालाही मग कांथेभोवती फिरावेच लागते. वाचनाची एक ठरलेली दिशा नसलेली ही संहिता आहे. संग्रहालयाच्या भिंतीवर ती टांगली की निम्मे प्राणी उलटे होतात, आणि आपल्याला वाटते की रचनेत ढिसाळपणा आहे.

शिकाऱ्याची रजई

बंगालमधून परदेशी गेलेली प्राण्यांची पहिली मोठी फौज मात्र घरगुती कांथेवरची नव्हे. ती गेली पोर्तुगिजांच्या रजयांवरून. हुगळीच्या परिसरातील सप्तग्राम ऊर्फ सातगाव हे जुने बंदर. सरस्वती नदीचा प्रवाह गाळाने भरत गेला तसा व्यापार जवळच्या हुगळीकडे सरकला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोर्तुगिजांची वसाहत उभी राहिली. या काळात व्यावसायिक कारागिरांनी युरोपीय गिऱ्हाइकांसाठी सुती कापडावर पिवळ्या रेशमाने भरलेल्या मोठमोठ्या रजया केल्या. पोर्तुगीज भाषेत त्यांना 'कोल्शा' म्हणतात. साखळी टाका आणि बखिया यांनी दाटून भरलेल्या या रजया आज लिस्बन, लंडन आणि बॉस्टन येथील संग्रहालयांत आहेत.

या रजयांवर बायबलमधील सॉलोमनचा न्याय असतो, ग्रीक कथांतील हर्क्युलिस असतो, जलकन्या आणि जहाजे असतात. मध्यभागी अनेकदा स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन असतो. तो ख्रिस्ताच्या आत्मबलिदानाचे प्रतीक. आणि कडेच्या पट्ट्यांत शिकार चाललेली असते. टोप्या आणि फुगीर विजारी घातलेले पोर्तुगीज घोड्यांवरून भाले आणि बंदुका घेऊन निघाले आहेत, पुढे कुत्रे आहेत, त्यांच्यापुढे हरणे आणि इतर श्वापदे पळत आहेत. येथे प्राणी एका दिशेने धावतात, कारण त्यांच्या मागे कोणीतरी आहे.

या व्यापाराचा गोव्याशी असलेला धागा केवळ राजकीय नाही. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा 'इटिनेरारियो' हा ग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला आणि पूर्वेकडच्या व्यापाराची युरोपला खडान्‌खडा माहिती देऊन गेला. बंगालमध्ये एका गवतापासून सूत काढतात आणि त्याने रजया, उशा, छते सुंदर रीतीने भरतात, असे तो सांगतो. या 'बंगाली गवता'ने युरोपातील वाचकांना बराच काळ चकवले. अभ्यासकांच्या मते ते गवत नसून रानरेशीम, म्हणजे टसर असावे. विदर्भात ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून जो कोसा निघतो, तोच हा प्रकार. शिकारीची दृश्ये ज्या धाग्याने भरली तो धागाच मुळी रानातल्या एका जिवाच्या कोशाचा होता, आणि पाहणाऱ्यांनी त्याला गवत मानले. रजईवरचा वाघ त्यांच्या ध्यानात आला. ज्या किड्याने त्याला पिवळा रंग दिला त्याची दखल घेण्याचे कारण त्यांना पडले नाही.

१६३२ मध्ये शाहजहानच्या फौजेने हुगळी जिंकली आणि पोर्तुगिजांचे तेथील बळ मोडले. त्याबरोबर या रजयांच्या व्यापारालाही उतरती कळा लागली. पण त्यांचा एक वारसा आमच्या विषयाला आवश्यक आहे. एकाच भूमीत, एकाच सुताने, कोणासाठी आणि कोणाच्या नजरेतून प्राणी टाचले जातात यावर त्यांचे अरण्य बदलते, हे या रजया दाखवून देतात.

पाहिलेले आणि न पाहिलेले

आज उपलब्ध असलेल्या घरगुती नकशी कांथा बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. त्याआधीच्या का नाहीत, याचे उत्तर सोपे आहे: त्या वापरल्या गेल्या, धुतल्या गेल्या, झिजल्या. जेसोर, खुलना, फरीदपूर, मैमनसिंग, राजशाही हे जिल्हे त्यांच्यासाठी विशेष प्रसिद्ध. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही घरांतील स्त्रिया त्या करीत. उपयोगावरून त्यांची नावे ठरत: थंडीत पांघरायची 'लेप', पाहुण्यांसाठी अंथरायची 'सुजनी', आरसा-कंगवा गुंडाळायची 'आरशीलता', आणि मौल्यवान चीजवस्तू व पोथ्या बांधून ठेवायचे 'बायतन'.

या कांथांवरच्या प्राण्यांची आम्ही दोन गटांत विभागणी करू इच्छितो. मासा, खेकडा, साप, मांजर, पोपट, मोर हे प्राणी शिवणाऱ्या बाईच्या अंगणात, तळ्यात, छपरावर येणारे. हत्ती, सजवलेला घोडा, सिंह हे मात्र तिने बहुधा गोष्टींत ऐकलेले किंवा मिरवणुकीत ओझरते पाहिलेले. बंगालमध्ये सिंह नाही. पण दुर्गेचे वाहन म्हणून तो प्रत्येक शरद ऋतूत मातीच्या मूर्तीतून दारी येतो. घुबड लक्ष्मीबरोबर येते. हत्ती आणि शिकारीचे देखावे मंदिरांच्या भाजलेल्या विटांवरून येतात. १७५२ मध्ये पूर्ण झालेल्या दिनाजपूरच्या कांतजी मंदिराच्या तळाच्या पट्ट्यांत मृगया आणि स्वाऱ्यांची रेलचेल आहे. अंगणातील आलिपना (आपली रांगोळी), पटुआंची चित्रपटे आणि देवळाच्या विटा ही कांथेची पाठ्यपुस्तके होती.

म्हणून कांथेला 'निसर्गाचे निरीक्षण' म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. तिच्यात निरीक्षण आहे, आणि ऐकीव माहितीही आहे. विशेष असे की या दोहोंना एकाच मापाने, एकाच टाक्याने, एकाच कापडावर जागा मिळते. मासा कधी हत्तीच्या तोडीचा असतो. यथादर्शनाच्या नियमांत वाढलेल्या डोळ्यांना हे बालिश वाटते. पण जिला रोज मासा साफ करावा लागतो आणि जिने हत्ती उभ्या जन्मात एकदाच पाहिला आहे, तिच्या अनुभवात मासा हत्तीएवढा असणे हेच यथार्थ नव्हे काय?

कांथेवर शिकारही येते, हे विसरून चालणार नाही. बंदूकधारी साहेब, वाघावर भाला उगारलेला स्वार हे तिच्याही विषयांत आहेत. तेव्हा कोल्शा हिंसक आणि कांथा अहिंसक, अशी सोयीस्कर वाटणी करता येणार नाही. फरक दृश्याच्या स्थानात आहे. कोल्शेत शिकार ही संपूर्ण कडेला बांधणारी कथा आहे. कांथेत ती जगातील अनेक घटनांपैकी एक आहे, आणि तिच्या शेजारी एखादी बाई आरशात पाहत बसलेली असते.

घोडा आणि मालकीण

ही चित्रे करणाऱ्या स्त्रियांचे जग कसे होते, याची साक्ष देणारे एक पुस्तक सुदैवाने आपल्याजवळ आहे. राससुंदरी देवी यांचे 'आमार जीवन' हे बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले. बाईंनी शिकणे हा अपराध समजला जाई त्या काळात राससुंदरींनी पोथीचे एक पान स्वयंपाकघरात लपवून ठेवले आणि चोरून अक्षरओळख करून घेतली. तनिका सरकार यांनी या आत्मचरित्राचा इंग्रजीतून विस्तृत अभ्यास केला आहे (१९९९), आणि आपल्याकडील स्त्री-आत्मचरित्रांच्या अभ्यासकांनी तो अवश्य वाचावा असा आहे.

या आत्मचरित्रात एक घोडा आहे. त्याचे नाव जयहरी. तो राससुंदरींच्या पतीचा घोडा, आणि अंगणात वाळत घातलेले धान्य तो खात उभा असताना त्या बाहेर येऊन त्याला हाकलू शकत नाहीत. कारण मालकाचा घोडा; त्याच्यासमोर उघड्याने कसे जावे? हे हास्यास्पद आहे हे त्यांना स्वतःलाही पुढे कळते, आणि त्या ते मोकळेपणाने लिहून ठेवतात.

आता एखाद्या कांथेवरचा घोडा पाहा. तो सजलेला आहे, त्याच्यावर स्वार आहे, त्याची मान वळलेली आहे. शिवणारी बाई कोणत्याही भीतीवाचून त्याच्या पाठीवरून, पोटावरून, पायांवरून सुई फिरवते. कितीतरी तास तो तिच्या मांडीवर असतो. जिला खऱ्या घोड्यापुढे यायची चोरी होती तिच्या वर्गातील स्त्रियांनी हे घोडे टाचले आहेत. राससुंदरींनी स्वतः असा घोडा टाचला असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी अक्षरांचा मार्ग धरला. पण त्यांच्या आत्मचरित्रातील घोडा आणि कांथेवरचा घोडा एकमेकांशेजारी ठेवले की पडद्यातील स्त्रीच्या दृष्टीला कोठे मज्जाव होता आणि कोठे मुभा होती याची सीमारेषा स्पष्ट होते. ज्या पोथ्या वाचण्याची तिला बंदी होती त्या पोथ्यांसाठी बायतन मात्र तिनेच भरायचे, ही गोष्टही त्याच सीमारेषेवरची.

अक्षर आणि टाका एकत्र आल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्यांचे मोल अधिक. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात खुलन्याच्या मानदासुंदरी दासी यांची कांथा आहे. तिच्यावर त्यांनी स्वतःचे नाव टाचले आहे आणि ती आपल्या वडिलांना अर्पण केली आहे. ग्रंथाला असते तशी ही अर्पणपत्रिका. अशी नावे थोडी. बाकी कांथा निनावी राहिल्या.

दोन नोंदवह्या

ज्या काळातील कांथा आज उपलब्ध आहेत त्याच काळात बंगालच्या प्राण्यांची आणखी एक नोंद ठेवली जात होती. ती होती सरकारी बक्षिसांची. वाघ, बिबट्या, लांडगा, साप मारून आणणाऱ्यास पैसे देण्याची पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात रूढ होती, आणि त्याचे तक्ते दरवर्षी तयार होत. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या तक्त्यांवरून काढलेला हिशेब असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. ही संख्या संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानची आहे, आणि तीत हौसेने मारलेली सर्वच जनावरे आलेली नसणार.

बंगालमध्ये जंगलतोडीची सुरुवात याच्या कितीतरी आधीची. जेसोरचा मॅजिस्ट्रेट टिलमन हेन्केल याने १७८०च्या दशकात सुंदरबनातील जमिनी लागवडीसाठी पट्ट्याने देण्याची योजना मांडली. १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदारांना पडीक व जंगली जमीन लागवडीखाली आणण्यात लाभ दिसू लागला. सुंदरबनाचा काही भाग १८७०च्या दशकात राखीव झाला तोवर त्याची उत्तरेकडील कड बरीच मागे सरली होती. तेथील गेंडा, रानरेडा आणि बारशिंगा पुढे नाहीसेच झाले. जेसोर आणि खुलना हे कांथांचे प्रसिद्ध जिल्हे, आणि याच जिल्ह्यांच्या दक्षिणेला हे अरण्य आहे.

या प्रदेशात वाघाला नुसते श्वापद समजत नाहीत. मध, लाकूड आणि मासे यांसाठी जंगलात जाणारे लोक त्याचे नाव घेत नाहीत, 'मामा' म्हणतात. वाघांचा अधिपती दक्षिणराय याचे माहात्म्य कृष्णराम दास या कवीने सतराव्या शतकात 'रायमंगल' काव्यात गायिले. मुसलमान पटांत गाजी पीर वाघावर स्वार होऊन येतो. आणि जंगलाची राखण करणारी बनबीबी दोन्ही धर्मांच्या लोकांना चालते. ठाणे-कोकणपट्ट्यातील वाघोबा आणि वाघबारस ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मनोवृत्ती समजावून सांगावी लागणार नाही. भीती, नाते आणि नवस यांचे ते मिश्रण आहे.

तेव्हा एकाच अर्धशतकात वाघ दोन ठिकाणी नोंदला जातो. सरकारी तक्त्यात तो मेल्यावर येतो, एक आकडा म्हणून, आणि त्याच्यासमोर दिलेले बक्षीस असते. कांथेवर तो पट्ट्यांसह येतो. एका रंगाची ओळ, मग दुसऱ्या रंगाची ओळ हा धावदोऱ्याचा स्वभावच असल्यामुळे पट्टे ही टाक्याला सर्वांत सहज साधणारी गोष्ट आहे. कांथा करणाऱ्या स्त्रिया नाहीशा होणाऱ्या वाघाचे स्मारक करीत होत्या, असा दावा केला तर तो आपल्या काळाची चिंता त्यांच्या माथी मारणे होईल. वाघ मारला गेला तर गावात आनंदच होत असे. आमचे म्हणणे एवढेच की वन्यजीवांचा इतिहास लिहिताना पहिली नोंदवही साधन ठरते आणि दुसरी 'लोककला' ठरते, या भेदाला साधनचिकित्सेचा आधार नाही. पहिली सांगते वाघ किती मेले. लोकांच्या मनात, अंथरुणात, मुलांच्या झोपेत वाघाला जागा काय होती, हे ती सांगू शकत नाही.

अंगाई आणि कबर

मुलांच्या झोपेचा विषय निघाला आहे, तर मराठी वाचकाने एक अवघड गोष्ट ऐकून घ्यावी. कांथेत गुंडाळलेल्या बंगाली मुलासाठी गायिल्या जाणाऱ्या एका अतिप्रसिद्ध अंगाईत मराठे येतात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या त्यांच्या स्मरणातून ती आली आहे. तीत बर्गी (आपले बारगीर) देशात आले आहेत, बुलबुलांनी धान खाऊन टाकले आहे, आता सारा कोठून भरायचा, अशी चिंता आहे. येथे पक्षी आणि स्वार हे दोघेही धान्याचे शत्रू म्हणून एका ओळीत बसले आहेत. आपल्या शालेय इतिहासात या मोहिमा अटकेपार झेंड्यांच्या सुरात सांगितल्या जातात. बंगालच्या आईने त्या पाखरांच्या धाडीबरोबर मोजल्या. कांथेवर घोडेस्वार दिसला की तो कोणता, असा प्रश्न म्हणूनच आपण तरी विचारायला हवा.

कांथेला आधुनिक साहित्यात आणले जसीमुद्दीन (१९०३–१९७६) यांनी. फरीदपूरच्या या कवीचे 'नकशी कांथार माठ' हे कथाकाव्य १९२९ साली प्रसिद्ध झाले, ई. एम. मिलफर्ड यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १९३९ चे. रूपाई आणि साजू हे नवराबायको. शेतातील पिकावरून मारामारी होते, रूपाईला परागंदा व्हावे लागते. साजू वाट पाहत एका कांथेवर आपल्या आयुष्याची कथा टाचते आणि मरताना ती कांथा आपल्या कबरीवर पसरायला सांगते. शिवलेल्या वस्त्राला आत्मचरित्राचा दर्जा येथे एका पुरुष कवीने दिला. तो देताना त्याने ती बाई मात्र मारली. कांथा पूर्ण होते आणि करणारी संपते, ही रचना काव्याला करुण शेवट देते. प्रत्यक्षात कांथा पूर्ण झाली की बाई दुसरी घ्यायला बसे, कारण घरात आणखी एक मूल जन्मलेले असे.

भिंतीवर

विसाव्या शतकात कांथा जमवणाऱ्यांनी तिला वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना कांथांचा मोठा संग्रह केला. कोलकात्यात अध्यापन करणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर महत्त्वाचा निबंध लिहिला. चिंध्यांतून पुन्हा अखंडत्व निर्माण करणे हा कांथेचा अर्थ त्यांनी मांडला. त्यांचा संग्रह पुढे फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात गेला आणि २००९–१० मध्ये तेथे त्याचे मोठे प्रदर्शन झाले. १९४७ च्या फाळणीने जेसोर, खुलना, फरीदपूर पूर्व पाकिस्तानात गेले. तेथील कितीतरी कांथा कोलकात्यात राहिल्या. २००८ साली 'नकशी कांथा' या नावाचे भौगोलिक मानांकन पश्चिम बंगालकडे नोंदले गेले, तेव्हा बांगलादेशात जी नाराजी उमटली तिचे मूळ येथे आहे.

बांगलादेशात 'आडंग' या १९७८ मध्ये सुरू झालेल्या विक्रीकेंद्रासारख्या संस्थांनी कांथेला पुन्हा बाजार दिला, आणि हजारो ग्रामीण स्त्रियांच्या हातात पैसा आला. त्या पैशाची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कामाची वाटणी बदलली. चित्रकार कागदावर आकृती काढतो, कागदाला टोचे मारून ती कापडावर उतरवली जाते, आणि गावातली बाई ठरलेल्या रंगांनी ती भरते. कापड नवे असते, धागा रिळाचा असतो. हत्ती आता प्रमाणात असतो, आणि मासा त्याच्यापेक्षा लहान असतो. जुन्या काळीही गावातली एखादी चित्रकुशल बाई शेजारणींना आकृत्या रेखून देत असे, तेव्हा रेघ नेहमीच शिवणारीची होती असे नाही. पण ती शेजारीण मासा साफ करणारीच होती.

साहित्याच्या वर्गात कांथेचे काय करायचे, हा प्रश्न यातून उरतो. आमची सूचना माफक आहे. राससुंदरींचे आत्मचरित्र, 'रायमंगल', बर्गींची अंगाई आणि 'नकशी कांथार माठ' ही चार पुस्तकी साधने शिकवताना पाचवे साधन म्हणून एका कांथेचे छायाचित्र सोबत ठेवावे, आणि विद्यार्थ्यांना ते चारही बाजूंनी फिरवून पाहू द्यावे. कोणते प्राणी बाईने पाहिले असतील, कोणते ऐकले असतील, कोणते देवळातून आले असतील, याची त्यांनी यादी करावी. मग आपापल्या घरातील वाकळ काढावी. तिच्यावर वाघ नसेल. पण तिचे प्रत्येक ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, कोणाच्या परकराचे, हे सांगू शकणारी एखादी आजी अजून हयात असेल. तिला विचारून ते लिहून घ्यावे. वाकळ घरात राहिली तरी ते सांगणारे माणूस गेल्यावर ती कशी वाचायची हे कोणालाच कळणार नाही. बंगालमधल्या शेकडो निनावी कांथांचे आज तेच झाले आहे.